स्टोअरच्या मामांचा टॉवेल
कुरकुंभच्या फाट्यावर केमिकलचा उग्र वास आला की मी जिथे कॉम्प्युटर सांभाळायचो तो कारखाना आठवतो. रोज दुपारी एकला गोडाऊनचे सगळे कॉम्प्युटर ऑफिसला दिसेनासे व्हायचे, मालाचं चलन निघायचं नाही, भरलेले ट्रक गेटवर अडायचे आणि साहेब माझ्यावर खेकसायचे. तीन दिवस केबली तपासून मी थकलो. चौथ्या दुपारी गोडाऊनमध्येच जाऊन बसलो. तिथल्या कॉम्प्युटरांची यादी ऑफिसला पुरवणारा कॉम्प्युटर स्टोअरच्या मामांनी बंद केला, त्यावर टॉवेल पांघरला आणि डबा उघडला. “मामा, बंद का केलात?” “सकाळधरनं राबतोय त्यो. घटकाभर इसावा नको व्हय त्याला?” यादीचं काम मी दुसऱ्या कॉम्प्युटरला लावलं आणि साहेबांना केबल खराब होती म्हणून सांगितलं. आता जेवतानाही माझा फोन वाजतच असतो. टॉवेल पांघरणारं मात्र कुणी नाही.