सांडणाऱ्यांची पंगत

"जेवलास का?" असं सगळेच विचारतात. हे काका विचारायचे, "कोणाबरोबर जेवलास?" आणि उत्तर येईपर्यंत खांद्यावरच्या नॅपकिनने हनुवटी टिपत समोर उभे राहायचे.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये त्यांचा अर्धा जबडा आणि जिभेचा तुकडा गेला होता. त्यांचं बोलणं समजायला मला बरेच दिवस लागले. अंधेरीच्या ज्या हॉस्पिटलात मी आहारतज्ज्ञ आहे, तिथे आमच्या डॉक्टरबाई अशा ऑपरेशननंतरच्या खाण्यावर संशोधन करतात. त्यांच्या समितीत रुग्णांच्या बाजूने बोलायला काका होते. मूळचे मालवणकडचे, गिरणी कामगाराचा मुलगा, घर घाटकोपरला. बैठकीला इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि सगळ्यांना घाम फोडायचे.

बाईंना रुग्णाचं वजन हवं होतं. काकांना हवं होतं, माणूस कोणाबरोबर जेवतो ते.

"काका, वजन मोजता येतं. हे मोजायचं कसं?"

"ते तुम्ही बघा. तुम्ही शिकलात ना?"

बाईंचंही चुकत नव्हतं. पण असा आजार घरात आला असेल तर तुम्हीही पाहिलं असेल. घास ओठातून बाहेर येतो, वरण गळ्यावर ओघळतं, घरचे न बघितल्यासारखं करतात. मग माणूस ताट घेऊन आत जातो आणि हळूहळू अन्नच टाकतो. बऱ्याच भांडणानंतर काकांचा प्रश्न संशोधनात घेतला गेला.

तेवढ्यावर थांबले तर ते काका कसले! मुलुंडच्या एका मंडळाच्या हॉलमध्ये त्यांनी रुग्णांची पंगत सुरू केली. मऊ भात, मुगाचं वरण, घोटलेला दुधी. नवीन आलेले बुजून बसायचे. काका मोठा घास घ्यायचे, त्यातला अर्धा मुद्दाम शर्टावर सांडायचे आणि म्हणायचे, "झालं उद्घाटन. सांडा रे आता!" हसता हसता लोक चार घास जास्त जेवायचे.

एका दुपारी काही कामासाठी मी त्यांच्या घरी गेले. काकू टेबलाशी एकट्याच जेवत होत्या. आतल्या खोलीचं दार बंद होतं.

"काका कुठेत?"

"आत जेवतायत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ऑपरेशन झाल्यापासून माझ्यासमोर एकदाही जेवले नाहीत गो. किती सांगून बघितलं."

मला संतापच आला. काका बाहेर आल्याबरोबर मी त्यांना धारेवर धरलं. "जगाला पंगतीत बसवता, आणि काकू इथे एकट्या?"

काकांनी नॅपकिनची घडी घातली, परत मोडली.

"ते लोक माझ्यासारखेच आहेत," ते म्हणाले. "हिने मला आधी जेवताना बघितलंय गो."

 

पुढे गाठ परत आली, या वेळी घशात. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. गिळणं बंद झालं आणि नाकातून नळी घातली. तिच्यातून पेज कशी सोडायची ते काकूंना शिकवायला मी गेले होते. काका गेले त्याच्या थोडेच दिवस आधीची ही गोष्ट. शिकवून होईतो जेवणाची वेळ झाली. काकूंनी मलाही बसवलं आणि बांगडा वाढला.

तेवढ्यात आतून काका भिंतीला धरत धरत आले आणि काकूंच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. आता सांडायला काही उरलंच नव्हतं. मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

त्यांनी काकूंचं ताट स्वतःपुढे ओढलं. बांगड्याचा एकेक काटा काढून ते मासा काकूंच्या भातावर ठेवायला लागले. काकूंनी एक घास तोंडात घातला, तो काही त्यांना गिळवेना.

"जेव," काका म्हणाले. एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

काकू मान खाली घालून जेवत राहिल्या. ताट रिकामं होईपर्यंत काका त्यांच्याकडे बघत होते.