कांद्याचं नाव घेतो

मला मराठी मावशीनं दिली. विंचूरला कांद्याच्या खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कांदा निवडणाऱ्या बायकांची ती मुकादमीण. नात्यानं माझी कुणी नाही. सगळे मावशी म्हणायचे, म्हणून मीही म्हणालो. तिचं आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढं सांगता सांगता माझंच कौतुक व्हायचं.

मी ओडिशाचा. शाळा सहावीत सुटली. नाशिक रोडला उतरलो तेव्हा जवळ घरची ओडिया होती आणि प्रवासापुरती हिंदी. खळ्यावर गोण्या शिवायचं काम मिळालं. शेठनी पहिल्या दिवशीच सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघू. इथं शेतकऱ्यांशी बोलावं लागतं. बोली आली तर राहा, नाहीतर गावाकडची गाडी धर." गावाकडं काम नव्हतं. आईला तर मी फोनवर सांगून बसलो होतो की कायमचं काम लागलं. त्यामुळं दिवाळी हा शब्द ऐकला की मी बोटांवर उरलेले दिवस मोजायचो.

मग मी शाळेतल्यासारखे शब्द घोकायला लागलो. सुई चालली की तोंड चालायचं. कांद्याची टोपली म्हणजे पाटी, पाटी, पाटी. सुतळी, सुतळी, सुतळी. संध्याकाळी मात्र सगळे शब्द एकाच गोणीत भरल्यासारखे व्हायचे. पाटी मागायला जायचो आणि सुतळी मागून यायचो.

मावशी बघत होती. म्हणाली, "काय रे, जप करतो का? शब्द असा कोरडा गिळला तर नरड्यात अडकंल. नाव घे त्याचं."

नाव घ्यायचं म्हणजे काय ते मला कुठं माहीत. तेव्हा बायकांनी एकेक करून आपापल्या नवऱ्याचं नाव उखाण्यात घेऊन दाखवलं. एकीनं तर नवऱ्याला उखाण्यातच चार शिव्या हासडल्या. मी म्हणालो, माझं लग्न नाही.

"मंग आजचा शब्द हीच तुझी बायको," मावशी म्हणाली. "रोज नवी. मजा हाय की तुझी."

त्या दिवशीचा शब्द गोल्टी, म्हणजे बारका कांदा. मावशीनं तो माझ्या मुठीत दिला आणि म्हणायला लावलं:

"पाटावरती बसले पाहुणे, पाटी पडली उलटी,
नाव घेतो राणीचं, राणी माझी गोल्टी."

तो शब्द मी मेलो तरी विसरणार नाही.

मग तशी रीतच पडली. शब्द हातात धरून शिकायचा. हिंदीत विचारलं तर कुणी उत्तर द्यायचं नाही. जेवताना ठेचा हवा असेल तर पूर्ण वाक्यात मागायचा, नाहीतर कोरडी भाकरी. आणि मावशी शब्द शिकवला की लगेच विचारायची नाही. "शिळा होऊ दे. शिळ्या भाकरीसारखा सकाळी चांगला लागतो." सकाळी विचारायची. मग काही दिवस विषयच नाही, आणि मी बेसावध गोणी उचलत असताना मागून, "काय रे, त्या डेंगळ्याचं नाव काय घेतलं होतं?" डेंगळा म्हणजे फुलाचा जाड दांडा आलेला कांदा. मी गोणी खाली ठेवून आठवायचो. आठवायला त्रास झालेला शब्द पुन्हा कधी गेला नाही.

एकच घोटाळा होता. शब्द मला सुटा आठवायचाच नाही. उखाणा पहिल्यापासून मनात म्हणत गेलो की शेवटी तो मिळायचा.

दिवाळी जवळ आली तेव्हाची गोष्ट. लिलाव होऊन एक ट्रॉली खळ्यावर खाली होत होती. वरचा माल झकास, तळाशी काळी बुरशी. शेठ बाजार समितीत होते. फोनवर मला म्हणाले, "खाली करणं थांबव. का थांबवलं ते शेतकऱ्याला नीट सांग. मी आलोच." माझी परीक्षा आहे हे मला कळलं. मावशीलाही कळलं, कारण तिचा निवडता हात थांबला.

शेतकरी आला. मोठा माणूस, मिशीवाला. "का रे भो, काम का थांबलं?"

कांद्यावरच्या या काळ्या बुरशीला खळ्यावर वेगळा शब्द आहे. मला येत होता. पण तो उखाण्याच्या टोकाला बसला होता. मी ओठ हलवायला लागलो.

शेतकरी एक पाऊल मागं सरकला. "मंत्र टाकतो का माझ्या मालावर?"

"मंत्र नाय ओ दादा," मावशी बसल्या जागेवरून म्हणाली. "नाव घेतोय तो."

"कोणाचं?"

"कांद्याचं."

"मंग मोठ्यानं घे की. लाजतो कशाला?"

परक्यासमोर कधी घेतलं नव्हतं. पण सुरुवात तर झालीच होती.

"सासूबाईंनी साडी दिली, रंगानं ती जांभळी,
कांद्याचं नाव घेतो, अंगावर त्याच्या काजळी."

आणि तळातले दोन कांदे उचलून त्याच्या हातावर ठेवले. त्यानं अंगठ्यानं एक पुसला. अंगठा काळा झाला. तो आधी अंगठ्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं, आणि खो खो हसला. "सासूला बी माझ्याच मालाच्या टायमाला साडी द्यायची होती."

शेठ आले तेव्हा तो मावशीजवळ उकिडवा बसून चहा पीत होता. तळातला माल वेगळा निवडायचा, वरच्याला ठरलेला भाव, असं त्यानं आपणहून कबूल केलं. शेठनी सगळं ऐकलं आणि मला म्हणाले, "राहा. पण शब्द जरा लवकर काढत जा, उन्हाळ्यात गाड्यांची रांग असते."

मी आईला फोन लावला. आता खरंच कायमचं झालं, एवढंच सांगायचं होतं, पण मावशीचंच सांगत बसलो. मावशीनं फोन काढून घेतला. ती मराठीत बोलत होती, आई ओडियात. एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी दोघी बराच वेळ बोलल्या. मावशीनं फोन परत दिला आणि पदरानं डोळे पुसत विचारलं, "काय म्हणत होती रे तुझी आई?"

मला तेव्हा अर्धंच मराठीत सांगता आलं. मावशी, एक दिवस तुम्हाला आमच्या गावी नेईन. त्याआधी आमची बोली शिकवीन, ठेचा अडवून, शब्द शिळा करून, तुमच्याच रीतीनं. तुम्ही आणि आई ओसरीवर बसाल आणि मधे माझी गरज लागणार नाही, एवढे शब्द मी तुम्हाला देणं लागतो.