मी पडले आणि व्हिडिओ निघाला

मंडळी, कोपराला पट्टी बांधलीय, पण लिहितेच.

भावानं दिलेला, उभं राहून चालवायचा दोन चाकांचा इलेक्ट्रिक बोर्ड मी महिनाभर शिकतेय. आज सकाळी कळंबच्या रिकाम्या रस्त्यावर तो पहिल्यांदा मनासारखा वळला. अंग झुकवलं की डावीकडं, मग उजवीकडं. अगदी लाटेवर असल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात चाकाखाली गिट्टी आली आणि मी तोंडावर पडले. कोपर सोललं, ओठ फुटला.

एक मोटारसायकलवाला थांबला. वाटलं, हात देईल. त्यानं मोबाईल काढला.

“ताई, पडतानाचं काढाचं राह्यलं. एकदा अजून पडा ना!”

“रक्त दिसून नाही राह्यलं का तुले?”

“दिसून राह्यलं ना, म्हणून तर काढून राह्यलो!”

किळस आली. लंगडत घरी पोचले, तर व्हिडिओ गावभर फिरून आमच्या घरच्या ग्रुपवर आधीच आला होता. खाली हसरे चेहरे. माझ्या दिरानं लिहिलं होतं, “वहिनी डांबरावर काय शोधून राह्यल्या?” लागलं का, असं कोणीच विचारलं नव्हतं.

तो मोटारसायकलवाला तरी अनोळखी होता. ह्या घरच्यांना मी रोज जेवायला वाढते.

तुमच्याकडंही आला असेल तो व्हिडिओ. खरं सांगा, तुम्ही काय केलंत?