पाय न हलवता पळणारा घोडा

त्या मालिकेतल्या घोड्याचे पाय हलत नसत. टापांचा आवाज यायचा, मागची झाडं सरासरा मागं जायची, आणि हे बेणं मात्र चारी पाय आखडून स्टूल सरकवल्यासारखं पडद्यावरून पुढं जायचं. माझ्या धाकट्या बहिणीनं ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती हसता हसता सोफ्यावरून खाली घसरली. "आक्का, परत लाव! मागं घे, परत लाव गं!" आम्ही तो घोडा त्या संध्याकाळी किती वेळा पळवला ते देवाला ठाऊक.

ती एक जपानी ॲनिमे मालिका होती. नाव सांगत नाही, कारण सगळ्या जगानं तिला आधीच पुरेसं धुतलंय. ॲनिमेला कुणी नुसतं 'कार्टून' म्हटलं की बहीण भांडायला उठायची, पण ह्या मालिकेची बाजू तीसुद्धा घेत नव्हती. ह्यातल्या जाणत्या लोकांनी आजवरच्या सगळ्यात भिकार कामांत तिची गणना केली होती. म्हणूनच तर बहिणीनं ती शोधून काढली.

तेव्हा आम्ही सांगलीत, मार्केट यार्डाजवळच्या घरात राहायचो. आप्पांची, म्हणजे वडिलांची, हळदीची अडत. आम्ही जैन, त्यामुळं दिवस मावळायच्या आत आमची जेवणं उरकायची. शेजारच्या स्वयंपाकघरांत कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या तेव्हा आमची भांडी घासून पालथी पडलेली असायची, आणि पुढं लांबलचक संध्याकाळ मोकळी. मी एका पतसंस्थेत नोकरीला लागले होते, बहीण बारावीला होती. आई आतल्या खोलीत जपाला बसायची आणि आम्ही दोघी बाहेर टीव्हीसमोर तोंडात ओढणी कोंबून हसत असायचो.

काय नव्हतं त्या मालिकेत! राजाच्या दरबारात ही गर्दी, पण सगळ्यांना तोंड एकच. नायकाच्या गळ्यातला रुमाल वाक्याच्या सुरुवातीला लाल, शेवटी निळा. लढाई पेटली की चित्र हळूच वर आकाशाकडं वळायचं. खाली तलवारींचा खणखणाट आणि वर आपला एक ढग. नायिका रडायची तेव्हा आसवं डोळ्यांतून यायची सोडून गालाच्या मधूनच फुटायची. बहीण त्या घोड्याच्या आवाजात बोलायची, "आवं मालक, पाय लय दुखत्यात बघा. आज नुस्तं सरकतो." मला अजून ते आठवलं की बसमध्येसुद्धा हसू फुटतं, आणि शेजारची बाई माझ्याकडं बघत सरकून बसते.

चांगल्या मालिकाही आम्ही बघायचो. पण त्या बघताना गप्प बसावं लागायचं. ह्या फाटक्या मालिकेत आम्हाला शिरायला जागा होती. ती आमची होती, आणि मला ती मनापासून आवडायची. थट्टेनं म्हणत नाही, खरंच आवडायची.

एका भागात एक म्हातारी येते. कथेशी तिचा काडीचा संबंध नाही. उंबऱ्यावर बसून शेंगा सोलते, एवढंच. तिथं बहिणीनं एकदम टीव्ही थांबवला. "हे बघ आक्का. तिचा अंगठा बघ." अंगठा शेंगेच्या शिवणीत शिरत होता, शेंग उकलत होती, दाणे ओंजळीत पडत होते. सगळं खरंखुरं. "सगळीकडं घाईनं उरकलंय, पण हे कुणीतरी हट्टानं नीट काढलंय. मला हे शिकायचंय गं."

शिकायचंय हे तिनं आधीच ठरवलं होतं. लहानपणापासून ती जुन्या कॅलेंडरांच्या मागं चित्रं काढायची. पुण्यातल्या एका संस्थेत ॲनिमेशनचा अभ्यासक्रम होता, त्याची प्रवेश परीक्षा ती पासही झाली होती. आता फक्त आप्पांचा होकार हवा होता. आणि आप्पा काही दुष्ट माणूस नव्हेत. ते म्हणाले, "मला ह्यातलं काय कळत न्हाई. नमुना दाखीव, मग बोलू."

आप्पांचं सगळं आयुष्य नमुन्यावर गेलेलं. सौद्याला पोतं फोडायचं, मूठभर हळद घ्यायची, एक हळकुंड काडकन मोडून आतला रंग बघायचा आणि मग भाव बोलायचा. पोरीच्या शिक्षणालाही त्यांनी तोच रिवाज लावला.

मी म्हटलं, एखादी चांगली मालिका दाखव. एक तर अशी होती की ती बघून मी ढसाढसा रडले होते. पण बहिणीचं डोकं वेगळंच चालत होतं. "चांगलं बघून आप्पा म्हणतील, एवढं तुला कुठलं जमतंय? आणि आपली घोड्याची बघून म्हणतील, ह्यापेक्षा आमची पोर बरी काढती. शिवाय हसतील पण. आप्पा हसले की न्हाई म्हणत न्हाईत." शेवटी तीही अडत्याचीच पोर. हिशेब मला पटला.

रविवारी दुपारी आप्पा हात धुऊन, चष्मा लावून बसले. सोफ्यावर नाही, ताठ खुर्चीवर. आईनं भडंग आणून ठेवलं, त्याला त्यांनी हात लावला नाही. घोडा आला. आम्ही दोघी पडद्याकडं न बघता आप्पांच्या तोंडाकडं बघत होतो. तोंडावरची रेघ हलली नाही. बहिणीनं दबक्या आवाजात "आवं मालक" सुरू केलं. आप्पा म्हणाले, "थांब, बघू दे."

पूर्ण भाग त्यांनी बघितला. संपल्यावर विचारलं, "हे करायला माणसं किती लागत्यात?"

"पुष्कळ, आप्पा. शे-दोनशे तरी."

"शिकलेली?"

"व्हय. सगळी शिकलेलीच. लय राबवून घेतात त्यांना."

मी तिला चिमटा काढला. कुठं काय बोलावं ह्याची अक्कलच नव्हती त्या पोरीला, विचारलं की खरं सांगून मोकळी.

"आणि बघून लोकं काय म्हणत्यात?"

तिला अजून आशा होती. ती हसतच म्हणाली, "हसतात! सगळं जग हसतंय आप्पा ह्याला. आम्ही पण."

आप्पांनी चष्मा काढला. "तुमी रोज हसताय ते मला आत ऐकू येतंय. मला वाटायचं, कायतरी गमतीचं असंल. पर ही बी कुणाची तरी पोरंच की. त्यांच्या बापांनी बी हौसेनं शिकवलं असंल. आणि माझ्या पोरी हितं बसून त्यांना हसत्यात." मग बहिणीकडं बघून म्हणाले, "उद्या तुझ्या कामाला जग असं हसलं तर मला न्हाई सोसायचं, बाळ. न्हाई पाठवणार मी तुला."

माझं टाळकंच सरकलं. "आप्पा, काहीतरीच काय! तुमच्या अडतीत कधी हलका माल येत न्हाई? तवा काय दुकान बंद करता?"

"हलक्या हळदीला कुणी हसलं तर हळदीला काय वाटत न्हाई," आप्पा म्हणाले आणि उठून गेले.

मुलीची जात, परगाव, लोक काय म्हणतील, फी कुठनं आणायची, ह्या सगळ्यावर माझी उत्तरं तयार होती. महिनाभर घोकून ठेवली होती मी. पण बाप मायेपोटी नाही म्हणाला तर त्यावर काय बोलायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी आदळआपट केली, त्यांच्याशी अबोला धरला, आईला मध्ये घातलं. आप्पा हलले नाहीत. बहीण तर भांडलीच नाही. प्रवेशाची मुदत टळली त्या दिवशी ती शांतपणे सगळ्यांचे कपडे इस्त्री करत बसली होती. मला तिचाही राग आला. अगं, भांड की, निदान रड तरी!

दुसऱ्या आठवड्यात आप्पांनी तिच्यासाठी रंगांची पेटी आणली. मोठी, महागाची, झाकणावर छत्री घेतलेला हत्ती. दुकानदारानं चौथी-पाचवीतल्या पोरांची दिली असणार, आणि आप्पांना त्यातला फरक कळणार कसा? तिनं "छान आहे" म्हटलं. सुट्टीत शेजारची पोरं आली तेव्हा ती पेटी त्यांना देऊन टाकली. त्या दिवशी जेवताना आप्पा ताटातच बघत होते.

पुढं ती बी.कॉम. झाली, मार्कही चांगले पडले. लग्न होऊन आष्ट्याला गेली. ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे त्यांचं, माणसं चांगली, नवरा तर इतका गरीब की त्याच्याशी भांडायचीही सोय नाही. मी साताऱ्यात आले. कुणाला दोष द्यावा म्हटलं तर एक माणूस सापडत नाही, हीच तर पंचाईत. आप्पांवर राग धरून बघितला, पण सांगलीला गेलं की ते माझ्यासाठी पिशवी भरून भडंग आणून ठेवतात. असल्या माणसावर किती दिवस रागवायचं? राग गेला. हळहळ मात्र जात नाही. साताऱ्यात संध्याकाळचं काम उरकून बसले की वाटतं, त्या रविवारी लाइट गेली असती तर बरं झालं असतं.

गेल्या दिवाळीत आष्ट्याला गेले होते. दुपारची वेळ, तिची मुलगी आत झोपलेली, आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली बसून करंज्या डब्यात भरत होतो. मी फोनवर ती मालिका शोधून काढली. म्हटलं, बहीण जरा हसेल. घोडा आला. ह्या वेळी मीच त्याचा आवाज काढला, "आवं मालक, पाय लय दुखत्यात..." ती माझ्यासाठी म्हणून हसली. मग करंज्यांचं तूप लागलेले हात तसेच धरून बघत राहिली. तो एकाच चेहऱ्याचा दरबार, तो रंग बदलणारा रुमाल, सगळं.

"किती वाईट काढलंय गं," ती म्हणाली. आवाजात थट्टा नव्हती.

"मग! म्हणून तर..."

"ह्या लोकांनी पुढं दुसरं काहीतरी काढलं असेल. मग तिसरं. हळूहळू हात बसला असेल त्यांचा."

मी म्हटलं, असेल की.

ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "माझं तर वाईट काढायचंसुद्धा राहूनच गेलं, आक्का."