कचेरीतली सावड

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. हे मी आजही मान ताठ ठेवून सांगतो. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीतून त्या काळी सातवी होणंही सोपं नव्हतं. महाडला एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो, तेव्हा तिथे मी एकटाच पदवीधर. इंग्रजी मसुदा आला की हेडक्लार्क माझ्याकडे बघून म्हणत, "हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार, रावसाहेब?" मला ते खरं वाटे.

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ वयाने मोठे, मॅट्रिक झालेले. त्यांची स्मरणपत्रं, अर्जांची उत्तरं हळूहळू मीच लिहू लागलो. असं दोन वर्षं चाललं. माझ्या डोक्यात आमच्या वाडीची सावड होती. भातलावणीला आमच्याकडे मजूर लावत नसत. आज सगळ्यांनी मिळून एकाचं शेत लावायचं, उद्या दुसऱ्याचं. ज्या घरची जेवढी माणसं तुमच्या चिखलात उभी राहिली, तेवढी तुम्ही त्यांच्या चिखलात उभी करायची. कुणी लिहून ठेवत नसे आणि कुणी विसरतही नसे. कचेरीतही तसंच असणार, असं मी धरून चाललो होतो.

त्या आषाढात वाडीतला एक जण बाजाराला आला आणि निरोप देऊन गेला. "तुज्या बाच्या पायाला कोयता लागलाय. सावड चालू हाय. घरातनं दोन माणसं पायजेत, आन् तुजी आय एकटी हाय. गुरवार-शुक्रवार ये. नायतर पाळी मागं जाईल."

मी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. हेडक्लार्कनी तो वाचून पेपरवेटखाली सरकवला.

"शनिवारी अहवाल अलिबागला जायचाय. तुमचं टेबल कोण सांभाळणार?"

मी शेजारी बघितलं. गृहस्थांनी चष्मा पुसला. "छे हो. तुमच्या टेबलाचं मला काय कळतंय? मी आपला मॅट्रिक."

"आणि लावणीला जाणार, बी.ए.?" हेडक्लार्क हसले. "शाई धुऊन जाईल हो हातावरची."

मी रजा न घेता थांबलो. अहवालातला शेजाऱ्यांचा भागही मीच पुरा केला. शुक्रवारी चार वाजता त्यांनी छत्री उचलली. "निघतो. तुम्ही आहात ना."

रविवारी घरी गेलो. आजूबाजूची शेतं हिरवी झाली होती. आमचं तेवढं पाण्याने भरून तसंच पडलं होतं, आणि लावणीसाठी राबात वाढवलेल्या रोपांचे शेंडे पिवळे पडायला लागले होते. आईच्या हातांची कातडी पाण्याने पांढरी पडली होती.

"दोन दिस मी एकलीच गेले," ती म्हणाली. "कोन काय बोललं नाय. पन आपली पाळी गेली मागं."

"किती मागं?"

"सगळ्यांच्या."

बाबा ओटीवर पायाला फडकं गुंडाळून बसले होते. कचेरीतलं सगळं त्यांनी माझ्याकडून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ज्याची कामं तू दोन वर्सं वढलीस, त्यानं दोन दिस तुजं टेबल नाय धरलं?"

"नाही."

"मग ती सावड नाय रे. तू नुसताच राबतोयस."

लावणी उशिरा झाली. भात खुरटं राहिलं, आणि त्या वर्षी घरात नाचणीच जास्त शिजली. बाबांनी पुन्हा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

त्या रविवारनंतर सोमवारी मी शेजाऱ्यांची कागदपत्रं उचलून त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय? रागावलात?"

"नाही. माझं टेबल मला पुरतं."

माझ्या कामात कसर ठेवली नाही, पण साडेपाचला उठू लागलो. पदवी डोक्यात गेली, असं हेडक्लार्क सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. रावसाहेब म्हणणं बंद झालं. खरं सांगतो, ते मला वाटलं होतं त्याहून जास्त लागलं. पुढे बढतीही दुसऱ्याला मिळाली.

पुढल्या वर्षी ज्येष्ठातच लावणीच्या रजेचा अर्ज टाकला. टेबल कोणी सांभाळावं, हे त्यात लिहिलं नाही. ते ठरवणं माझं काम नव्हतं. दोन दिवस तो पेपरवेटखाली राहिला, मग सही झाली.

सावडीच्या पहिल्या दिवशी वाडीतल्या शेजारणीच्या शेतात उतरलो. तिने रोपांची जुडी माझ्या हातात कोंबली. "ये रे बीए. वळ वाकडी नको लावूस."

आई माझ्या उजव्या हाताला वाकून लावत होती. बाबांचा पाय अजून चिखलात टिकत नव्हता, पण आमच्या घरची दोन माणसं पुरी होती. तिसऱ्या दिवशी पाळी आमची होती, आणि उजाडायच्या आत बांधावर माणसं येऊन उभी होती.