जुन्या ठाण्यातली वायर

ती केस आजही आठवते, आणि आठवली की माझा मलाच राग येतो. निवृत्त झालेला अधिकारी बहुतेक वेळा आपल्या शाबासक्या सांगतो. मी इथे मला मिळालेला ठपका सांगणार आहे. वाचून कोणाला नावं ठेवायची असतील तर त्याने खुशाल ठेवावीत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा घाटावरचा, रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या ठाण्यात फौजदार होतो. ठाणं कित्येक वर्षं भाड्याच्या कौलारू घरात होतं. कोठडी म्हणजे घरमालकाची नारळ ठेवायची जुनी खोली. अखेर चिऱ्याची नवी इमारत झाली आणि आम्ही तिकडे हललो. घरमालक स्वतः हार घेऊन आले, सगळ्यांना पेढे वाटले.

नव्या इमारतीत खोल्या पाच आणि बाहेरचा फोन एक. फोन आला की ठाणे अंमलदार हाक मारणार आणि मी व्हरांड्यातून धावणार. आमच्या एका हवालदाराने पूर्वी बिनतारी विभागात काम केलं होतं. तो म्हणाला, "साहेब, मुख्यालयाच्या भांडारात जुने फोन पडून आहेत. चार आणून द्या आणि मला तीन दिवस द्या." त्याने चिऱ्याच्या भिंतींना भोकं पाडली, लाकडी पट्ट्या ठोकल्या, प्रत्येक वायरीला कापडाची चिठ्ठी बांधली आणि चारही टेबलं एकमेकांना जोडून दिली. बाहेरचा फोन हवा त्या टेबलावर घेता येऊ लागला. वरिष्ठ पाहायला आले तेव्हा त्यांनी त्याची पाठ थोपटली.

महिन्याभरात काजूचा हंगाम आला. बोंडं पिकली की सड्यावरच्या, म्हणजे कातळमाळावरच्या, बागांत त्यांच्या दारूच्या हातभट्ट्या लागायच्या. खबऱ्या येऊन मला जागा सांगायचा. आमच्याकडे जीप नव्हती, म्हणून मी रत्नागिरीला फोन करून गाडी आणि माणसं मागवायचो. जागेवर पोचलो की चूल गरम आणि मडकी गायब. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी तर चुलीपाशी पाण्याची कळशी आणि गुळाचा खडा ठेवलेला होता. पाहुण्याला गूळपाणी! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

वरिष्ठांनी मला बोलावून घेतलं. "बातमी तुमच्या ठाण्यातून फुटते आहे. वायरी कोणी घातल्या?"

"हवालदाराने."

"तो खाडीपलीकडच्या बंदरावरचाच ना? सगळे सगेसोयरे इथलेच. आणखी काय पुरावा पाहिजे तुम्हाला? आठवड्यात कसुरी अहवाल पाठवा. मी त्याला निलंबित करतो."

हवालदाराची अठरा वर्षांची नोकरी. सेवापुस्तकात एक शेरा वाईट नाही. त्याचा बाप होडीवरच वारला, भाऊ जाळी विणतो, घरात पगार आणणारा हा एकटा. मी "बघतो साहेब" म्हणून परतलो. पण खरं सांगतो, शंकेचा किडा माझ्याही डोक्यात शिरला. तो खोलीत आला की मी बोलता बोलता फोन खाली ठेवायचो. त्याने ते पाहिलं. तो सलाम करून निघून जायचा.

अहवालाला दोन दिवस उरले असताना नशिबाने एक भट्टीवाला हाती लागला. एसटीत दारूने भरलेली रबरी ट्यूब पोत्यात घालून बसला होता. ट्यूब गळायला लागली आणि वासाने कंडक्टरने गाडी थेट ठाण्याच्या दारात उभी केली. पन्नाशीचा, हसतमुख, बडबड्या माणूस. माल कोणाचा ते मात्र सांगेना. मी मारहाणीच्या वाटेला कधी गेलो नाही. माणसाला बसवावं, चहा पाजावा, बोलू द्यावं. गप्प बसायचे कष्ट फार थोड्यांना झेपतात.

चहा आला. मी माझा कप उचलला तसा तो कळवळून म्हणाला, "साहेब, साखरेचा च्या कशाला घेता? डाक्तरान साखर बंद केलान ना तुमची?"

माझा कप हातातच राहिला. मला मधुमेह झाल्याचं मी कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. कोणाला कळू नये म्हणून ठाण्यात सगळ्यांसारखाच गोड चहा घेत होतो. डॉक्टरांनी ते मला फोनवर सांगितलं होतं, शिमग्याच्या सुट्टीत. त्या दिवशी सगळे शिपाई पालखीच्या बंदोबस्ताला होते. ठाण्यात मी होतो आणि बाहेर व्हरांड्यात पहारेकरी. हवालदार रजेवर, खाडीपलीकडच्या आपल्या गावी.

"तुला कोणी सांगितलं?"

"मालकान सांगितलान," तो बोलून गेला आणि मग त्याने जीभ चावली.

मी हवालदाराला बोलावून सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आतल्या वायरी माझ्या. एकेक उघडून दाखवतो. पण खांबापासून भिंतीपर्यंतची माझी नाही."

आम्ही बाहेर जाऊन खांबाखाली उभे राहिलो. वर बघितलं तर खांबावरून तारांच्या दोन जोड्या निघत होत्या. एक आमच्याकडे येत होती. दुसरी आंब्याच्या फांद्यांतून जुन्या ठाण्याकडे जात होती. पंच बरोबर घेऊन आम्ही तिथे गेलो. माजघरात भाताच्या कणगीमागे एक फोन सापडला, त्याच्या घंटीला फडकं गुंडाळलेलं. आमच्याकडे घंटी वाजली किंवा मी रत्नागिरीला फोन लावला की इथे हलकी टुणटुण व्हायची, आणि पेढे वाटणारे घरमालक रिसीव्हर कानाला लावून बसायचे. बागा त्यांच्याच होत्या. मी पंचनामा केला आणि त्यांना अटक केली.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती मिरवली असती. पण ती दुसरी जोडी खांबावर राहिली कशी? ठाणं हललं तेव्हा जुन्या घरातली तार काढल्याचा टेलिफोन खात्याचा दाखला माझ्यापुढे सहीला आला होता. सामान हलवायची धांदल होती. घरमालक म्हणाले, "कौलं फुटतील, सावकाश काढू, तुम्ही सही करा." मी न पाहता सही केली होती.

वरिष्ठ म्हणाले, "दाखल्याचं लिहू नका. हवालदाराची बदली करू, विषय मिटेल."

"बदली कशासाठी, साहेब?"

"लोक बोलतात म्हणून."

"मग लोकांना काय खरं ते कळू द्या."

"तुमच्या बढतीचं वर्ष आहे."

"असू द्या," मी म्हणालो, आणि तिथेच त्यांच्यासमोर बसून अहवाल लिहिला. तार राहिली ती माझ्या बेफिकिरीने, हवालदाराचा दोष नाही, खाली माझी सही. बढती गेली. ठपका आजही माझ्या सेवापुस्तकात आहे. मला त्याची लाज वाटत नाही. चूक माझी होती आणि ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधली नाही, एवढं तरी त्यातून दिसतं.

या केसने मला शिकवलं ते वेगळंच. अहवालाची नक्कल घेऊन मी हवालदाराकडे गेलो. तो उपकार मानेल असं मनात कुठेतरी होतं. त्याने कागद वाचला, घडी घालून परत दिला.

"साहेब, माझ्यावर अहवाल पाठवा असं वरून सांगितलं होतं, ते समजू शकतो. पण मी आत आलो की फोन खाली ठेवा, असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

आयुष्यभर मी लोकांना प्रश्न विचारले. माझ्यावर असा प्रश्न कोणी टाकला नव्हता. वरिष्ठांनी त्याचं गाव बघितलं, आणि त्यांच्यावर चडफडत मीही तेच केलं होतं.

"कोणी नाही," मी म्हणालो. "ते माझं मीच केलं. चुकलो."

त्याने सलाम केला नाही. मान हलवली आणि कामाला लागला. मला ते योग्यच वाटलं.