सत्तर नंबरचा खेळाडू

दुखण्यावरच्या मलमाचा वास आला की मला आखातातल्या सिलिकॉन ओएसिस वस्तीजवळचं ते तापलेलं मैदान आठवतं. मुलगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात होता. मागचा एक जण चेंडू लांब फेकणार आणि त्याला वेळ मिळावा म्हणून पुढचे पाच जण समोरच्यांना अडवणार, एवढंच मला कळलं होतं आणि तेवढ्यावर मी निकाल देत बसलो होतो. फेकणारा पोरगा दर वेळी चेंडूसकट आडवा होत होता. "भित्रा आहे. बदला त्याला," मी मोठ्यानं म्हणालो. शेजारचे गृहस्थ मराठी समजणारे निघाले. "मेरा बेटा है," ते शांतपणे म्हणाले, "आगे सत्तर नंबर सबको रास्ता दे रहा है, हबीबी." सत्तर नंबर आमचा होता. बायकोनं पर्समधली मलमाची ट्यूब त्यांच्या हातात ठेवली. परतताना गाडीत मी मुलाला विचारलं, "अरे, ढकलत का नाहीस?" "बाबा, यू ओन्ली टोल्ड मी, डोन्ट पुश एनीवन." खरंच होतं, लिफ्टपासून मेट्रोपर्यंत मी त्याला तेच शिकवलं होतं. आता ऑफिसात कुणा नव्या पोराचं काम फसलं की त्याच्या पुढे कोण होतं ते मी आधी बघतो, आणि बऱ्याचदा तिथे मीच सापडतो.